"तो बघेल" असे म्हणू नये



आमचे गाव रिद्धपूर. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. महानुभाव पंथाचे हे मोठे स्थान असल्यामुळे दूरदूरचे लोक येथे दर्शनाला येतात. पण गावाला समुद्र नाही, खाडी नाही, बंदर नाही. म्हणून रात्रीच्या वर्गात आम्ही फळ्यावर "लहान होडी व मोठी बोट" असा मथळा लिहिला, तेव्हा मागे बसलेले एक आजोबा हसले. म्हणाले, "गुरुजी, आपल्याले बोट कायले पायजे? आपली त बंडी बरी."

वर्गात हशा पिकला. मग एक बाई हळूच म्हणाल्या, "माहा पोरगा मालवणले हाये. पाहुण्यांले होडीत फिरवते." त्यांच्या मागून एक भोई दादा बोलले, "आन् आमी सिंभोऱ्याच्या धरणात डोंगा घालतो, त्याचं काय?" तिसऱ्या एकाचा नातू शाळेच्या सहलीबरोबर कोकणात जाऊन आला होता. हे ऐकून आजोबांनी हात जोडले. "सांगा मंग गुरुजी, सांगा."

तर हा धडा त्या तिघांसाठी आहे. आणि ज्यांच्या घरचे कोणी ना कोणी केव्हातरी पाण्यावर जाणार आहे, त्या सर्वांसाठी आहे.

पाणी आपल्यापासून दूर नाही

वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि आपल्या जिल्ह्याच्या कडेने वाहत जाते. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे तिच्यावर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्यालाच लोक अप्पर वर्धा म्हणतात. त्याच्या जलाशयाला नलदमयंती सागर असे नाव आहे. अमरावती शहर ह्याच धरणाचे पाणी पिते. जलाशयात मासेमारीही चालते. तेव्हा पाणी आपल्याला परके नाही.

आणि पाण्याचे दुःखही परके नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे ह्याच वर्धा नदीत एक नाव उलटली. एका कुटुंबातली व त्यांच्या नात्यातली मिळून अकरा माणसे गेली. ती नाव कोणत्याही मोठ्या बोटीला धडकली नव्हती. तरी लहान नाव उलटायला आणि घर उजाड व्हायला किती थोडा वेळ लागतो, हे आपल्या जिल्ह्याने त्या दिवशी पाहिले. मग त्याच पाण्यावर यंत्राच्या मोठ्या बोटीही धावत असल्या, तर लहान नावेतल्या माणसाने किती जपले पाहिजे!

कयाक म्हणजे काय?

आता एक नवा शब्द शिकू. कयाक. ही एक अरुंद, लांबट, हलकी होडी असते. तीत एक किंवा दोन माणसे बसतात. हातातल्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे ते पाण्यात घालायचे. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात इनुइट नावाचे लोक राहतात. त्यांनी ही होडी फार पूर्वी तयार केली. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करायचा, त्यावर सील ह्या प्राण्याचे कातडे ताणून शिवायचे आणि तीत बसून शिकारीला जायचे. आता कयाक प्लॅस्टिकची किंवा फायबरची करतात. ऑलिम्पिकमध्ये तिच्या शर्यती होतात. आपल्या कोकणातही पाहुण्यांना ती चालवायला देतात.

कयाक, भोई बांधवांचा डोंगा आणि कोळ्यांची लहान वल्ह्याची होडी ह्या तिघी पाण्यावर सख्ख्या बहिणी आहेत. तिघींना यंत्र नाही. तिघी पाण्याला लागून असतात. तिघींचा वेग माणसाच्या चालण्याइतका. त्यामुळे कयाकसाठी जे सांगू, ते डोंग्यालाही लागू आहे.

आमची चूक

हा विषय आम्ही का निवडला, ते आता सांगतो. सांगताना आम्हाला आजही लाज वाटते.

आम्ही नोकरीत असताना सातवीच्या मुलांची सहल घेऊन मालवणला गेलो होतो. जवळच देवबाग आहे. तेथे कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. पाहुण्यांच्या मोटारबोटी तेथे सारख्या ये-जा करतात. मुलांनी कयाकचा हट्ट धरला. होडीवाल्याने मुलांच्या अंगात तरंगती जाकिटे घातली, बंद आवळले आणि दोघादोघांना कयाकमध्ये बसवले. आम्ही वाळूत उभे.

दोन मुले वल्हवीत वल्हवीत पुढे गेली. तेवढ्यात खाडीतून एक मोटारबोट वेगाने आली. आमचे सहकारी म्हणाले, "गुरुजी, ती बोट पोरांच्याच दिशेनं येते आहे."

आम्ही म्हणालो, "येऊ द्या हो. तो बघेल."

त्याने बघितले नाही. बोटीचा पुढचा भाग वेगामुळे वर उचललेला होता. पुढे माणसे फोटो काढायला उभी होती. चालवणारा मागे इंजिनापाशी. त्याला समोर आभाळ आणि पाहुण्यांच्या पाठी दिसत होत्या. आमची पोरे त्याला दिसतच नव्हती. आणि पोरांना मात्र बोट दिसत होती, म्हणून त्यांना वाटले की बोटवाल्यालाही आपण दिसतो आहोत. ती वल्ही थांबवून मजेत बघत राहिली.

काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेला एक म्हातारा मच्छीमार उठला. त्याने डोक्याचे फडके सोडून जोरजोराने फडकवले आणि अशी हाक मारली की सारा किनारा वळून बघू लागला. शेवटच्या घडीला बोट वळली. मध्ये दोन बंड्यांइतके अंतर राहिले. बोटीची लाट आली आणि कयाक आडवी झाली. दोन्ही मुले पाण्यात पडली. जाकिटांनी त्यांना वर धरले. दुसऱ्या होडीने त्यांना बाहेर काढले.

तो म्हातारा आमच्याजवळ आला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "गुरुजीनू, त्येका पोरां दिसूकच नाय."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. गावी परतल्यावर दोन्ही मुलांच्या घरी जाऊन आम्ही आपली चूक सांगितली. जन्मभर मुलांना "विचार करून बोला" असे शिकवले, आणि आम्ही स्वतः दोन शब्द विचार न करता बोललो. तो बघेल. ह्या दोन शब्दांत काय काय खोटे आहे, ते आता एकेक करून पाहू.

त्याला आपण का दिसत नाही?

पहिले कारण. कयाकमधला माणूस पाण्याला लागून बसतो. त्याचे डोके पाण्यापासून हातभर-दोन हात वर. लाट उठली की तेही झाकते. कपाशीत वाकून निंदणाऱ्या बाईला रस्त्यावरून पाहा. ती वाकली की शेत रिकामेच वाटते. पाण्यातही तसेच.

दुसरे कारण. मोठ्या बोटीच्या नाकापुढे एक आंधळी जागा असते. कडब्याने उंच भरलेली बंडी डोळ्यांपुढे आणा. उलट बाजूने येणारी बंडी गाडीवानाला लांबून दिसते, पण बैलांच्या अगदी पायांशी आलेले लेकरू त्याला दिसत नाही. मालवाहू जहाजावर पेट्यांचे डोंगर रचलेले असतात. जहाज चालवणारा त्यांच्या मागे, उंचावर असतो. मोठ्या जहाजांसाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, तोसुद्धा जहाजापुढे झाकलेली जागा राहणार हे धरून चालतो. जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, ह्यांत जे कमी असेल, तेवढी ती असू शकते. ५०० मीटर म्हणजे अर्धा किलोमीटर! तेवढ्या पाण्यात आपली कयाक असली, तर ती त्या जहाजाच्या लेखी नाहीच.

तिसरे कारण. ऊन. सकाळी व संध्याकाळी सूर्य खाली असतो आणि पाणी आरशासारखे चमकते. त्या चमकीत लहान होडी हरवते. सूर्य आपल्या पाठीशी असला, तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येते, हे ध्यानात धरावे.

चौथे कारण. रंग. निळी, करडी, काळी होडी पाण्यात मिसळून जाते. तांबडी, पिवळी किंवा आपल्या मोर्शी-वरुडच्या संत्र्यासारखी नारिंगी होडी लांबून ओळखू येते. जाकीट, टोपी आणि वल्ह्याची पातीही अशीच भडक असावी. वर-खाली होणारे वल्ह्याचे पाते हे दूरच्या माणसाला सर्वांत आधी दिसते.

त्याने पाहिले, तरी काय?

समजा, त्याने पाहिले. मग तो थांबेल का?

रस्त्यावर ट्रकला ब्रेक असतो. चाक जमिनीला घासते आणि ट्रक थांबतो. पाण्यावर बोटीला असा ब्रेक नसतो. इंजिन बंद केले तरी ती पुढे सरकतच राहते. इंजिन उलटे फिरवूनच तिला आवरावे लागते. भरलेल्या मोठ्या जहाजाला पूर्ण थांबायला एक-दोन किलोमीटर आणि कधी त्याहूनही जास्त अंतर लागते. शिवाय बंदरात जहाजाला वाट्टेल तिकडे वळता येत नाही. खोल पाण्याची एक ठरलेली वाट असते. ती सोडली की जहाज गाळात रुतते.

आता फळ्यावर एक हिशोब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

जहाजांची एक वाट २०० मीटर रुंद आहे. आपल्याला कयाकने ती ओलांडायची आहे. कयाकचा वेग तासाला ५ किलोमीटर. म्हणजे ६० मिनिटांत ५,००० मीटर. एका मिनिटात सुमारे ८३ मीटर. मग २०० मीटरना किती वेळ? जवळजवळ अडीच मिनिटे.

तिकडे एक किलोमीटरवर जहाज दिसते. त्याचा वेग तासाला २८ किलोमीटर. म्हणजे ६० मिनिटांत २८ किलोमीटर. मग एका किलोमीटरला? सव्वादोन मिनिटांहून थोडे कमीच.

उत्तर काय आले? आपण पलीकडे पोचण्याआधी जहाज आपल्यावर पोचले. एक किलोमीटर म्हणजे "अजून खूप लांब" असे आपल्याला वाटले होते. वर्गात हा हिशोब सोडवला तेव्हा बंडीवाले आजोबा पुटपुटले, "बाप्पा! एवढ्यात येते?"

होय, एवढ्यात येते. आणि आणखी एक फसवणूक आहे. मोठी वस्तू हळू चालल्यासारखी दिसते. बडनेऱ्याकडे रेल्वेच्या फाटकात उभे राहून पाहिले असेल. लांबून येणारी गाडी जागच्या जागी डुलत असल्यासारखी वाटते आणि बघता बघता धडधडत समोरून जाते. जहाजाचेही तसेच आहे. म्हणून डोळ्यांनी वेगाचा अंदाज बांधू नये.

टक्कर होणार की नाही, हे कसे ओळखावे?

ह्याला एक सोपी युक्ती आहे. सगळ्या जगातले दर्यावर्दी ती वापरतात आणि समुद्राच्या नियमांतही ती लिहिलेली आहे.

समजा, तुम्ही सायकलवर चौकाकडे चालला आहात. उजव्या हाताच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर त्याच चौकाकडे येतो आहे. मान न हलवता त्याच्याकडे बघत राहा. ट्रॅक्टर तुमच्या पुढे पुढे सरकत गेला, तर तो आधी चौक ओलांडेल. मागे मागे पडत गेला, तर तुम्ही आधी ओलांडाल. पण तो तुमच्या खांद्याच्या रेषेत आहे तिथेच राहिला आणि नुसता मोठा मोठा होत गेला, तर? तर दोघेही एकाच वेळी चौकात पोचणार!

पाण्यावरही हेच. येणारी बोट आपल्या होडीच्या कोणत्या भागाच्या रेषेत दिसते, ते पाहावे. थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. बोट त्याच रेषेत आहे आणि मोठी होते आहे, तर टक्कर ठरलेली. मग वाट पाहू नये. तेव्हाच थांबावे किंवा होडी वळवावी. वळवायची तर अशी स्पष्ट वळवावी, की पाहणाऱ्यालाही कळेल. आणि मोठ्या बोटीच्या नाकापुढून कधी जाऊ नये. ती निघून जाऊ द्यावी. मग तिच्या मागून, चांगले अंतर ठेवून जावे. मागे पाण्यात तिचा पंखा फिरत असतो, म्हणून फार जवळून जाणेही वाईट.

पाण्यावरचा कायदा

रस्त्याला नियम आहेत, तसे पाण्यालाही आहेत. समुद्रावर टक्कर होऊ नये म्हणून जगातील देशांनी मिळून १९७२ साली नियम केले. ते १९७७ सालापासून लागू आहेत. त्यांतले चार आपण शिकून ठेवू.

एक. प्रत्येक नावेने सतत पहारा ठेवावा, डोळ्यांनी आणि कानांनीही. हा नियम जहाजाला आहे आणि वल्ह्याच्या होडीलाही आहे. कानांत गाण्याची बोंडे घालून वल्हवणारा पोरगा अर्धा पहारा घरी ठेवून येतो.

दोन. आपल्या देशात रस्त्यावर आपण डाव्या बाजूने चालतो. पाण्याच्या अरुंद वाटेत मात्र उजव्या बाजूने चालायचे असते. दोन यंत्राच्या बोटी समोरासमोर आल्या, तर दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळायचे. सायकलची सवय पाण्यावर नेली, तर घोटाळा होईल.

तीन. अरुंद वाटेत, जे मोठे जहाज ती वाट सोडून जाऊच शकत नाही, त्याच्या आड २० मीटरहून लहान नावेने येऊ नये. पुष्कळांना वाटते, "आपल्याला यंत्र नाही, तेव्हा यंत्रवाल्याने बाजूला व्हावे." अशा वाटेत हे खरे नाही. बाजूला व्हायचे काम लहानाचे आहे. आणि जेथे कायदा लहानाच्या बाजूने असेल, तेथेही टक्कर झाल्यावर कायदा सांगायला माणूस जागेवर राहिला पाहिजे ना?

चार. रात्री दिवा हवा. वल्ह्याच्या होडीत निदान पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा पेटलेला कंदील हाताशी असावा आणि तो वेळेवर दाखवावा. "वेळेवर" ह्या शब्दाखाली रेघ ओढा. बोट अंगावर आल्यावर बॅटरी शोधू लागणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

दिवे आणि भोंगे कसे वाचावे?

आपण अक्षरे वाचायला शिकलो. आता दिवे वाचू.

यंत्राच्या बोटीला रात्री डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. वर पांढरा असतो. नुसता तांबडा दिसला, तर तिची डावी कूस आपल्याकडे आहे आणि ती आपल्या डाव्या हाताकडे चालली आहे. नुसता हिरवा दिसला, तर ती उजव्या हाताकडे चालली आहे. आणि तांबडा व हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर? तिचे तोंड सरळ आपल्याकडे आहे. तेव्हाच वाटेतून हटावे.

भोंग्याचीही भाषा आहे. एक आखूड भोंगा म्हणजे "मी माझ्या उजवीकडे वळतो." दोन म्हणजे "डावीकडे वळतो." तीन म्हणजे "माझे इंजिन उलटे फिरते आहे." आणि पाच किंवा जास्त आखूड भोंगे एकामागून एक वाजले, तर त्याचा अर्थ, "तुझे काय चालले आहे, ते मला समजत नाही." असे पाच भोंगे कानी आले की आधी आजूबाजूला पाहावे. बहुधा ते आपल्यासाठीच असतात.

बोट गेली, लाट राहिली

बोट चुकली म्हणजे संकट टळले असे नाही. आमच्या मुलांना बोटीने पाडले नाही, लाटेने पाडले. बोट निघून गेल्यावर थोड्या वेळाने तिच्या मागची लाट येते. तोवर माणूस बेसावध झालेला असतो. काठाजवळ उथळ पाण्यात ती लाट आणखी उंच होते. धक्क्याच्या भिंतीवर आपटून ती परतही येते.

लाट कुशीवर घेऊ नये. होडीचे नाक लाटेकडे, किंचित तिरपे, वळवावे. वल्हे पाण्यात चालू ठेवावे. उभे राहू नये. अंग ताठ न करता होडीबरोबर डुलू द्यावे.

आणि उलटलीच होडी, तर? होडी सोडू नये. तिला धरून राहावे. उलटी कयाकही तरंगते, आणि पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा होडी लांबून दिसते. जाकिटाला बांधलेली शिट्टी वाजवावी, वल्हे उभे करून हलवावे. काठ जवळ दिसला म्हणून पोहत सुटू नये. पाण्यावरून काठ नेहमीच जवळ वाटतो.

लहान कोण, मोठे कोण?

कोणी म्हणेल, "आम्ही मोठ्या बोटीत बसतो, आम्हाला काय भीती?" त्यांनी मुंबईची गोष्ट ऐकावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी "नीलकमल" ही प्रवासी बोट गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरी बेटाकडे चालली होती. तीत शंभराहून अधिक माणसे होती. त्याच पाण्यावर नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी घेत होती. इंजिनात बिघाड होऊन तिचा ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. ती येऊन "नीलकमल"वर आदळली. दोन्ही बोटींवरची मिळून पंधरा माणसे मरण पावली. जवळच्या बोटी धावून गेल्या म्हणून पुष्कळ जण वाचले.

ह्या गोष्टीत प्रवासी बोट लहान नव्हती आणि आदळणारी बोट जहाजाएवढी नव्हती. तेथे वेगाने घात केला. एका प्रवाशाने घेतलेली चित्रफीत पुढे सर्वांनी पाहिली. ती बोट पाण्यावर वळसा घेते आणि सरळ येते. मध्ये काही क्षणच जातात. त्या क्षणांत जाकीट शोधून, घालून, बंद बांधणे होत नाही. म्हणून जाकीट अंगात असले तरच ते जाकीट. बाकाखाली ठेवलेले जाकीट म्हणजे नुसते सामान. त्या अपघातानंतर गेटवेच्या प्रवासी बोटींवर जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. आपण सक्तीची वाट का पाहावी?

आपल्या डोंग्यासाठी

आता भोई दादांच्या प्रश्नाकडे येऊ. धरणावर जहाजे नाहीत हे खरे. यंत्राची बोट तेथे रोज भेटत नाही. पण म्हणूनच जेव्हा ती येते, तेव्हा डोंग्यातला माणूस बेसावध असतो. तो पाठ फिरवून जाळे ओढत असतो. डोंगा काळा, पाणी काळे, वेळ पहाटेची. आणि यंत्राची बोट बाहेरगावाहून आलेली असते. तिला आपल्या जाळ्यांच्या जागा ठाऊक नसतात.

खर्च थोडा आहे. डोंग्याच्या दोन्ही टोकांना पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचा हातभर पट्टा मारावा. अंधारात बॅटरी गळ्यात बांधावी, डोंग्याच्या तळाशी ठेवू नये. जाळे ओढताना मधून मधून मान वर करून चहूकडे पाहावे. दोन डोंगे असतील तर जवळ जवळ राहावे. दोन डोंगे एका डोंग्यापेक्षा लवकर दिसतात. पाणी ओलांडायचे तर एकामागे एक अशी लांब रांग लावू नये. सर्वांनी मिळून, शेजारी शेजारी, सरळ आडवे, सर्वांत कमी अंतराने ओलांडावे. निघताना घरी सांगावे, "अमुक बाजूला जातो, अमुक वाजेपर्यंत येतो." दारू पिऊन नावेत पाय ठेवू नये. आणि वारा सुटला, धुके दाटले, तर त्या दिवशीची मासळी पाण्यातच राहू द्यावी. ती उद्याही तेथेच असेल.

भोई दादा म्हणाले, "गुरुजी, जाकीट घालून जाळं वढाले अडचण होते." त्यांचे म्हणणे खरे आहे. सुरुवातीला अडचण होतेच. चष्मा लागला तेव्हा आम्हालाही पंधरा दिवस नाक दुखले. मग सवय झाली.

थोडक्यात

मोठी बोट मला पाहत नाही, असे धरूनच चालावे.
भडक रंग, शिट्टी, बॅटरी जवळ असावी. जाकीट अंगात असावे.
मोठ्या बोटीच्या वाटेत रेंगाळू नये. वाट ओलांडायची तर सरळ व लवकर ओलांडावी.
बोट त्याच रेषेत राहून मोठी होत असेल, तर थांबावे किंवा वळावे.
पुढून जाऊ नये, मागून जावे.
लाटेला नाक दाखवावे, कूस दाखवू नये.
होडी उलटली तरी होडी सोडू नये.

धडा संपला तेव्हा ज्या बाईंचा मुलगा मालवणला आहे, त्या जागेवरच बसून राहिल्या. वहीचे पान पुढे ओढून त्या लिहू लागल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते. आम्ही काही विचारले नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी वही आमच्यापुढे केली. "गुरुजी, काना-मात्रा पाहून द्या."

पानावर लिहिले होते:

"बाबू, जाकीट अंगात घाल. पाहुण्यांलेही घालाले लाव. होडीच्या पुढं मानसं उभी करू नको. तुले दिसलं पायजे. तो पाहीन म्हनू नको. आई."

आम्ही म्हटले, "बाई, मुलाशी रोज फोनवर बोलता. मग हे लिहिले कशाला?"

त्या म्हणाल्या, "बोललेलं ते पोट्टं ह्या कानानं ऐकते, त्या कानानं सोडते. लिहिलेलं होडीत लावून ठेवता येते."

आम्ही काना-मात्रा तपासली नाही. पान होते तसेच ठेवले. शेजारच्या मुलाने त्याचा फोटो काढून मालवणला पाठवला. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या बाईंनी सांगितले की मुलाने तो कागद छापून, वर प्लॅस्टिक लावून, इंजिनाजवळ चिकटवला आहे.

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. ज्यांच्या घरचे माणूस पाण्यावर जाते, त्यांनी आज असेच चार ओळींचे पान लिहावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल.